विझल्या चुलीची हुग्गी

लोहारा, कार्तिक वद्य ६, सन १९४३

तीर्थरूप अव्वा,

शिवगंगेचा शरणार्थ. तुमची लेक प्रेमाबाई वन्सं हे पत्र तुम्हाला वाचून दाखवतील. वन्सं, मधलं काही गाळू नका. सासूबाईंना राग येईल असंच सगळं आहे, पण गाळू नका.

तुम्ही सोलापूरला गेल्याला आज बारा दिवस झाले. तुमचे चिरंजीव सकाळी बैल सोडतात ते दिवस मावळायला परत येतात. रोज एकच विचारतात, "पत्र आलं का?" कुणाचं ते विचारत नाहीत. आडावर बायका विचारतात त्यांना मी सांगते, अव्वा लेकीकडं विसाव्याला गेल्यात. त्या एकमेकींकडं बघतात. गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दिवशी अक्कलकोटाहून तुमचे भाऊ आले होते. पाट मांडले होते. तुम्ही देवळातून आलात आणि चुलीत हात घालून बघितलात तर राख थंड.

"डाळ कुठं हाय?" तुम्ही विचारलंत.

"शिजतेय," मी म्हणाले.

"कशावर?"

मी कोपऱ्यातल्या बांबूच्या डालीकडं बोट दाखवलं. तुम्ही मामांदेखत म्हणालात, "चाळीस वर्षं ह्या घरची चूल जेवायच्या वक्ताला कधी विझली न्हाय. आज सुनेनं पाणी टाकलं." मग तुम्ही डाल उघडून आत बघितलंत, काही न बोलता उठलात आणि पिशवी भरली.

मी पाणी टाकलं नव्हतं, अव्वा. कापसाची जळती पऱ्हाटी मागं ओढून राखेत दाबली होती, दुसऱ्या दिवशी लावायला. डाळीला चार उकळ्या येऊ दिल्या, झाकण कणकेनं चिकटवलं आणि भांडं डालीत निजवलं. दोन तासांनी उघडलं तेव्हा डाळ लोण्यासारखी झाली होती. मामांनी दोनदा मागून घेतली. तुम्ही तोवर गाडीत बसला होतात.

हे मला पिंजाऱ्याच्या घरी कळलं. सकिनाबी चाचींच्या घरी कापूस पिंजायचं काम असतं. फकरुद्दीन चाचा चहाची किटली पिंजलेल्या कापसात खुपसून ठेवतात आणि दुपारी काढतात तर चहा कढत. मी म्हणाले, चहा कढत राहतो तर डाळ का शिजू नये? चाची हसल्या. म्हणाल्या, "करके देख बेटी, दाल तेरी, कापूस मेरा."

कंट्रोलवर लाकूड नाही, घासलेट आठवड्याला एक बाटली. पऱ्हाट्या संक्रांतीपर्यंत पुरणार नाहीत हे तुम्हीच म्हणाला होतात. आणि धुरानं तुम्ही खोकत खोकत चुलीपुढं वाकून जात होतात ते मला रोज बघवत नव्हतं. डालीत मी गोणपाट, कडब्याचा चुरा, कापूस आणि थोड्या जुन्या चिंध्या भरल्या. दुसरं काही नाही.

परत या. तुमची चूल पेटती ठेवते, हवी तर दिवसभर.

तुमची सून
शिवगंगा


लोहारा, पौष शुद्ध ११

तीर्थरूप अव्वा,

दोन पत्रांचं उत्तर नाही. हे तिसरं फकरुद्दीन चाचांच्या हाती देते आहे. ते कापसाच्या कामाला सोलापूरला निघालेत. त्यांच्याजवळ एक गाठोडंही दिलं आहे. त्याचं शेवटी लिहिते. आधी चांगलं लिहिते, म्हणजे वन्संचा आवाज खणखणीत राहील.

मी भिंत फोडली. घाबरू नका. स्वैपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीत जी देवळी होती ती आरपार केली. आता तिच्यात एक कंदील ठेवला की दोन्हीकडं उजेड पडतो. देवळीला आतून पांढरा चुना दिला. काच रोज राखेनं पुसते आणि वात कात्रीनं सारखी करते. ह्यांनी आल्या आल्या विचारलं, "भिंत पाडाय लागलीस आता?" मी ताट वाढलं. जेवून झाल्यावर हे माजघरात दावं वळत बसले. अर्ध्या घटकेनं वर बघून म्हणाले, "इथं बी दिसतंय की." दुसऱ्या दिवशी देवळीच्या कडा त्यांनीच मातीनं गुळगुळीत केल्या.

डाळ, घुगऱ्या, कण्या दुपारीच डालीत निजतात. सांजेला फक्त भाकरी टाकायची. दिवेलागणीच्या आत जेवणं होतात. शेण गोवऱ्यांना कमी लागतं म्हणून ह्यांनी दोन गाड्या खत शेतात टाकलं, हे ह्या घरात पहिल्यांदाच झालं.

आणि घासलेट उरलं. तीन बाटल्या भरून फळीवर ठेवल्या होत्या. त्या कशा कामाला आल्या ते ऐका.

सकिनाबी चाचींची अजीजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. गेल्या गुरुवारी दिवस मावळताना तिला कळा लागल्या. आपली नागम्मा सुईण गेली, पण त्यांच्या घरी पणतीच्या उजेडाशिवाय काही नव्हतं. नागम्मा दारात येऊन ओरडली, "काय बी दिसंना मला! उजेड आणा!" मी तिन्ही बाटल्या आणि आपले दोन्ही कंदील घेऊन धावले. घासलेलं पितळी ताट एका कंदिलामागं धरलं, दुसरं चाचींच्या हाती दिलं. ताटावरून उजेड सगळा अजीजाच्या अंगावर पडला. मुलीच्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. नागम्मानं ते बघून सोडवले. मूल आधी निळं होतं, मग रडलं. असं रडलं की माझ्या हातातलं ताट पडलं.

नागम्मा हात धुताना म्हणाली, "हाताला कळलं नसतं गं. डोळ्याला दिसलं म्हणून पोरगी हाय."

अव्वा, त्या दिवसापासून मला खोटं बोलायला जड जातंय. म्हणून आता ते लिहिते. वन्सं, एवढं दाजी घरात नसताना वाचा.

डालीत चिंध्या नव्हत्या. तुमची वाकळ होती. मामंजींच्या फेट्याची आणि धोतरांची, ते गेल्यावर तुम्ही शिवलेली. मी ती अर्धी कापली. कोणाची होती ते मला ठाऊक नव्हतं असं मी ह्यांना सांगितलं. ठाऊक होतं. कापसाला बाहेरून जाड, मऊ काहीतरी हवं होतं आणि घरात तेवढंच होतं. तुम्ही ती वापरत नव्हतात, नुसती पेटीत ठेवली होती, म्हणून मनात म्हणाले, तिचा काय उपयोग. हे म्हणायला नको होतं. तुम्ही चुलीवरून नाही गेलात. डालीत फेट्याची किनार बघून गेलात. तरी मामांदेखत तुम्ही त्यावर एक शब्द काढला नाही, माझी अब्रू राखलीत, चुलीचंच बोललात.

तुकडे धुऊन, जोडून वाकळ पुन्हा शिवली आहे. गाठोड्यात तीच आहे. पहिल्यासारखी झालेली नाही.

शिवगंगा


लोहारा, माघ शुद्ध १३

तीर्थरूप अव्वा,

फकरुद्दीन चाचा आले. म्हणाले, तुम्ही वाकळ मांडीवर घेऊन सगळे टाके बघितलेत आणि "टाके लई मोठे घालती" एवढंच बोललात. त्यांना चहा दिलात, खजूर दिलात. माझं काही विचारलं नाहीत. असू दे. टाके मोठे आहेत हे खरं आहे.

आज दुसऱ्याच कामासाठी लिहिते आहे. मठाचा दासोह मोडतोय.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मठात पाच-सहाशे माणूस जेवतं, उपास सोडतं, आणि खपली गव्हाच्या गोड हुग्गीचा मान आपल्या घरचा. मामंजींच्या वेळेपासून तुम्ही हंड्यात वाढायचा पहिला डाव घालत आलात. यंदा लाकडाच्या गाड्या आल्याच नाहीत. मठात अर्धी गाडी लाकूड आहे, लागतात दोन गाड्या. कारभारी कल्याणप्पांनी काल सगळ्यांना बोलावून सांगितलं, यंदा चुरमुरे आणि गूळ वाटू, लोकांनी समजून घ्यावं. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. पलीकडच्या वाशीपासून चालत येणारी माणसं, उपाशीपोटी, त्यांना चुरमुरे?

मी बायकांच्या मागं उभी होते. कशी बोलले कुणास ठाऊक. म्हणाले, "अर्ध्या गाडीत हुग्गी होईल."

कल्याणप्पांनी विचारलं, "कोण बोललं?"

"बिराप्पांची सून," कोणीतरी सांगितलं.

मठाचे आचारी वीरप्पा मोठ्यानं हसले. "घरची चूल विझवून सासूला घालवली. आता मठाची विझवती व्हय?"

सगळे हसले. हे माझ्याशेजारी नव्हते, पुरुषांत होते. मला वाटलं, आता हे मान खाली घालून निघून जातील. हे उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या घरी तीन म्हैनं डाळ चुलीबाहेर शिजतीय. म्या रोज खातो. कच्ची लागली न्हाय." एवढंच. पण अव्वा, तुमच्या मुलाला चारचौघांत बोलताना मी लग्नापासून पहिल्यांदा ऐकलं.

स्वामींनी आतून विचारलं, "बाई, फसलं तर?"

मी म्हणाले, "फसलं तर हुग्गीचा मान दुसऱ्या घराला द्यावा, आणि मी माहेरी जाईन ती परत येणार नाही." हे मी ह्यांना न विचारता बोलले. आता बोलून झालं आहे.

आवारात तीन खड्डे खणायचे, आत कडबा आणि भुसकट दाबायचं, कापूस भरायचा आणि उकळता हंडा त्यात निजवायचा, एवढं ठरवलं आहे. पण खपलीचे गहू मी कधी एवढे शिजवले नाहीत. तुम्ही हंड्याला किती पाणी घालत होतात? चुलीवर पाणी उडून जातं, इथं जाणार नाही, म्हणजे कमी घालावं लागेल, पण किती कमी? तुमचं मूळ माप कळलं तर मी हिशेब बसवीन. राग माझ्यावर राहू दे, माप तेवढं कळवा. पंधरा-सोळा दिवस आहेत.

शिवगंगा


लोहारा, फाल्गुन शुद्ध २, सन १९४४

तीर्थरूप अव्वा,

झालं! सहाशेवर माणूस जेवलं! आधी हे लिहिते आणि मग बाकीचं, कारण वन्संचाही जीव टांगणीला लागला असेल.

तुमचं उत्तर आलं नाही. रोज टपालाच्या वाटेवर जाऊन आले. मग घरी लहान भांड्यात तीनदा करून बघितलं. पहिल्यांदा लापशी झाली, दुसऱ्यांदा खाली दडस राहिली, तिसऱ्यांदा दाणा न दाणा फुलला. गव्हाच्या वर चार बोटं पाणी, माप सापडलं.

गल्लीतल्या बायका खपली कांडायला आल्या. सगळ्यांचा विश्वास होता असं नाही, काही जणी गंमत बघायला आल्या होत्या. तुमची, शिवम्मांची सून कशी पडते ते. पण मुसळ हातात घेतलं की गंमत राहत नाही. गहू आदल्या दिवशी भिजवले. ह्यांनी आणि आणखी तिघांनी खड्डे खणले, कमरेइतके. फकरुद्दीन चाचांनी दोन पोती पिंजलेला कापूस आणला. कल्याणप्पा म्हणाले, "अहो, हा उशांचा कापूस, खराब व्हईल." चाचा म्हणाले, "तकिये बाद में भरेंगे, पैले हंडे को सोने देव."

शिवरात्रीच्या दुपारी तीनही हंडे चढवले. वीरप्पा आचारी हाताची घडी घालून खांबाला टेकून उभे. सगळ्या मठाला उपास, पोटात काही नाही, आणि वर ऊन. गहू चांगले रटरटायला लागले तेव्हा मी झाकणं कणकेनं बंद करून घेतली आणि म्हणाले, "उचला." बांबू घालून चौघांनी एकेक हंडा उतरवला. वरून कापूस, गोण्या, भुसकट, आणि त्याच्यावर फळ्या. मग मी चुलाणातली लाकडं ओढली.

तीन चुलाणं एकदम विझली, अव्वा. धूर गेला आणि आवार केवढं तरी शांत झालं. शिवरात्रीला मठाचं आवार कधी असं नसतं. एक म्हातारी म्हणाली, "मेल्या घरासारखं वाटाय लागलं." मला तुमची आठवण आली. तुम्हाला त्या दिवशी कसं वाटलं असेल ते मला तेव्हा, तिथं कळलं. चूल विझली की बाईला आपलं घर गेल्यासारखं वाटतं. मी नुसती लाकडं बघितली होती.

रात्रीचं काही लिहीत नाही.

सकाळी पूजा झाल्यावर स्वामी बाहेर आले. सगळे खड्ड्यांभोवती. ह्यांनी पहिल्या हंड्यावरचं भुसकट सारलं, मी कणीक फोडली. झाकण उचललं आणि वाफ अशी वर आली की स्वामी दोन पावलं मागं सरकले. आत गहू फुलून वरपर्यंत आलेले, मोत्यासारखे. मी एक दाणा चिमटीत धरला, विरघळला. बायकांनी एकच गलका केला. दुसरा हंडाही तसाच.

तिसरा उघडला, वाफच आली नाही. दाणा दाताखाली कचकन वाजला.

कल्याणप्पा माझ्याकडं बघायला लागले. काही चुकलं असेल तर तिन्हींत चुकायला हवं, एकात कसं? मी झाकणाची कड बघितली. कणीक दोनदा उचकटून पुन्हा दाबलेली होती.

मी काही बोलायच्या आत खांबाजवळून आवाज आला. "म्या उघडला व्हता." वीरप्पा. मान खाली. "काल सांजेला. परत एकदा पहाटं. मला वाटलं, आत काय व्हत नसंल, बाईमाणूस सगळ्या गावाला उपाशी ठिवंल. बघावं म्हणलं." मग वर बघून म्हणाले, "दोन हंडे बघितल्यावर आता मला तोंड न्हाय."

हे मुठी आवळून पुढं झाले. मी ह्यांचा हात धरला, सगळ्यांसमोर. म्हणाले, "वीरप्पा, अर्ध्या गाडीतलं निम्मं लाकूड अजून शिल्लक आहे. तिसरा हंडा चढवा. तुमच्यासारखा जाळ मला घालता येत नाही."

त्यांनी चढवला. असा जाळ घातला की पहिल्या दोन हंड्यांत गूळ, सुंठ, खोबरं पडून, एक उकळी येऊन पंगती बसेपर्यंत तिसराही होत आला. पहिला डाव कुणी घालायचा म्हणून कल्याणप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, मान सासूबाईंचा आहे, त्या नाहीत. स्वामी म्हणाले, "त्यांच्या नावानं घाल." मी तुमचं नाव मोठ्यानं घेऊन घातला.

तीन पंगती उठल्या. वाशीची एक म्हातारी तिसऱ्यांदा मागायला आली आणि म्हणाली, "जळका वास न्हाय गं हिला. दर सालाला असतो." वीरप्पांनी ऐकलं आणि पहिल्यांदा हसले. अजीजा तान्ह्या मुलीला घेऊन दारात आली होती, तिला हुग्गीचा द्रोण भरून दिला. लाकूड इतकं उरलं की स्वामींनी ते गावातल्या दोन बाळंतिणींच्या घरी पाठवलं. संध्याकाळी कल्याणप्पांनी खड्डे बुजवू नका म्हणून सांगितलं. कडेनं दगड लावून पक्के करणार आहेत.

आता आपल्या ओसरीवर रोज दोन-तीन बायका डाली घेऊन येतात. काल वीरप्पांची बायको आली होती. आधी पदराआड लपवून आणली होती डाल.

ह्यांनी आज पत्र आलं का ते विचारलं नाही. म्हणाले, "अव्वाला लिही, आमी लई मोठं काम केलं." "आमी" म्हणाले.

तुमची सून
शिवगंगा


सोलापूर, फाल्गुन वद्य ४

चि. सौ. शिवगंगेस शिवम्माचा आशीर्वाद. प्रेमा लिहितीय, मी सांगतीय. ती मधे मधे हसतीय, तिकडं लक्ष देऊ नको.

पाण्याचं माप तू विचारलंस आणि मी कळवलं न्हाई. मुद्दाम. माप मला येत होतं, मन येत न्हवतं. तुझं पत्र उशीखाली ठेवून आठ दिवस झोपले. चुकलं माझं. तरी तुझं तू काढलंस. चार बोटं बरोबर हाय. मी सहा घालत होते.

आता माझं ऐक. इथं प्रेमाच्या चाळीत निम्म्या बायका गिरणीत जातात. भोंगा वाजला की घराला कुलूप. परत आल्या की भुकेली पोरं अंगावर, मग चूल, मग धूर. मी इथं आल्यावर पंधरा दिवस खोलीत बसून बघितलं. मग मला गप बसवेना. शेजारच्या बाईला म्हणलं, डाल आण, गोणपाट आण. सकाळी भोंग्याच्या आधी डाळ चार उकळ्या आणून निजवली. ती सांजेला आली, झाकण काढलं आणि भिंतीला टेकून रडली. बारा वर्षांत पहिल्यांदा घरी आल्या आल्या जेवली म्हणाली.

आज चाळीत एकवीस घरं तसंच करतात. मी रोज सकाळी दारोदार जाऊन उकळ्या मोजते. कोणी लवकर उतरवलं तर बोलते. खोकला गेला का म्हणून विचारशील तर गेला, धूरच न्हाई तर खोकला कशाचा. दिव्याचंही सांगितलं, भिंत फोडायला मालक देईना, म्हणून बायकांनी खिडकीत चुना मारून दिवा ठेवला.

आता खरं सांगते. बायकांनी विचारलं, आज्जी ही युक्ती कुणाची, तर मी म्हणलं माझी. तीन महिने माझीच म्हणत होते. मग तुझं हे पत्र आलं. प्रेमानं अंगणात बसून मोठ्यानं वाचलं, सगळ्या बायका ऐकत होत्या. हंडा उघडायच्या जागी आली तेव्हा कोणी श्वास घेत न्हवतं. वाफ आली म्हणली तशा टाळ्या वाजवल्या. मग एकीनं माझ्याकडं बघून विचारलं, "आज्जी, तुमी तर म्हणला व्हता..." मी मान खाली घातली न्हाई. म्हणलं, व्हय, खोटं बोलले. युक्ती माझ्या सुनेची. मी नुसती तिची चेली.

चैत्रात मी येतीय. त्याच्या आधी तू माझ्या शांतलिंगाला घेऊन आठ दिवस इकडं ये. दुसऱ्या चाळीतल्या बायका रोज विचारतात, ती कधी येणार. सगळ्यांना तुला बघायचंय.

लोहाऱ्यात मला चाळीस वर्षं बिराप्पाची बायको म्हणाले, ते गेल्यावर शांतलिंगाची आई म्हणाले. इथं आता माझं नाव कुणाला ठाऊक न्हाई. शिवगंगेची सासू म्हणूनच हाक मारतात. मी व्हय म्हणून उठते.